थॅनोसचे चुकले कुठे?

भारतीय काव्यशास्त्र शिकवताना नायकाचे चार प्रकार सांगावेच लागतात : धीरोदात्त, धीरोद्धत, धीरललित आणि धीरप्रशांत. आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि गेली पंधरा-सोळा वर्षे उत्तरपत्रिकांमध्ये या चारही प्रकारांची तीच उदाहरणे वाचत आलो आहोत : राम, भीमसेन, उदयन, चारुदत्त. गेल्या वर्षी मात्र एका विद्यार्थ्याने धीरोदात्त नायकाचे उदाहरण म्हणून चक्क 'थॅनोस' असे लिहिले. नुसते नाव लिहून तो थांबला नाही, तर एकेक लक्षण लावून दाखवले. थॅनोस गंभीर आहे, बढाई मारत नाही, शत्रूच्या गुणांची कदर करतो, अहंकार झाकून ठेवतो आणि घेतलेले व्रत प्राण गेला तरी सोडत नाही. लक्षणे बिनचूक लागत होती. गुण द्यावे की कापावे, या पेचात आम्ही काही दिवस होतो.

शेवटी तो विषय आम्ही वर्गातच काढला. थॅनोसचे म्हणणे कोणाकोणाला पटते, असे विचारले तेव्हा जवळजवळ निम्मे हात वर आले. हा योगायोग थॅनोसला आवडला असता. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "पण मॅडम, त्याचं चुकलं तरी काय? लोकसंख्या वाढतेच आहे ना?" त्या प्रश्नाला तासाची घंटा होईपर्यंत आम्ही जे उत्तर दिले ते आमचे आम्हालाच अपुरे वाटले. हा लेख म्हणजे त्या तासाचा राहिलेला भाग आहे, असे वाचकांनी समजावे.

'ॲव्हेंजर्स : इन्फिनिटी वॉर' हा अँथनी आणि जो रूसो या बंधूंचा चित्रपट २०१८ च्या एप्रिलमध्ये प्रदर्शित झाला. भारतात तो इंग्रजीखेरीज हिंदी, तमिळ आणि तेलुगूतूनही लागला होता. जगभरात त्याने दोनशे कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवला. एवढ्या यशस्वी चित्रपटाबद्दल आपल्याकडचा साहित्याचा माणूस दोनच प्रकारे बोलतो. एक तर 'पोरांचे खूळ' म्हणून नाक मुरडतो, नाही तर पोरांत मिसळण्यासाठी कौतुक करून मोकळा होतो. दोन्हींत चित्रपट पाहण्याचे कष्ट वाचतात. आम्ही तो तीनदा पाहिला. त्यात कौतुक करण्याजोगे बरेच आहे, आणि म्हणूनच त्यातील उणीव अधिक गंभीर वाटते.

आधी गुणांविषयी. २००८ सालच्या 'आयर्न मॅन'पासून सुरू झालेल्या मालिकेतील हा एकोणिसावा चित्रपट. मागल्या अठरा चित्रपटांतील वीस-पंचवीस पात्रे अडीच तासांत वावरवायची, म्हणजे लग्नाच्या मांडवात प्रत्येक पाहुण्याची नावानिशी विचारपूस करण्यासारखे आहे. पटकथाकार ख्रिस्टोफर मार्कस आणि स्टीफन मॅकफीली यांनी हे अवघड काम एका साध्या युक्तीने साधले आहे. त्यांनी सगळ्यांना एकत्र आणलेच नाही. टोनी स्टार्क, डॉक्टर स्ट्रेंज आणि पीटर पार्कर टायटन या उजाड ग्रहावर जातात. थॉर, रॉकेट आणि ग्रूट नवे शस्त्र घडवून घेण्यासाठी नायडाव्हेलिरला जातात. स्टीव्ह रॉजर्स आणि त्याचे साथीदार व्हिजनला घेऊन वकांडा गाठतात. प्रत्येक ठिकाणी माणसे मोजकी, आणि एकमेकांना फारशी न ओळखणारी. त्यामुळे संवादाला कारण मिळते. आपल्या डोक्यावरून बोलणाऱ्या स्ट्रेंजला स्टार्क सहन करू शकत नाही, कारण तो स्वतः तसाच आहे. आई, वडील, भाऊ आणि जिवलग मित्र गमावलेला थॉर रॉकेटपाशी ही यादी हसत हसत सांगू लागतो आणि ते हसू त्याला शेवटपर्यंत निभावता येत नाही. गडगडाटी चित्रपटातील हा शांत प्रसंग कोणत्याही चांगल्या नाटकात शोभला असता.

नवख्या प्रेक्षकाला यातले अर्धेअधिक कळत नाही, हा आक्षेप आम्हाला फारसा मान्य नाही. कीर्तनकार उत्तररंगात अभिमन्यूचे आख्यान लावतो तेव्हा भीम कोण आणि जयद्रथ कोण हे सांगत बसत नाही. श्रोत्यांच्या स्मरणावर त्याची भिस्त असते. दहा वर्षे चित्रपट दाखवून या निर्मात्यांनी असा श्रोतृवर्ग तयार केला. त्यामागे व्यापार होता हे उघडच आहे, पण व्यापाराने घडवलेले स्मरण हेही स्मरणच असते.

दुसरा गुण अधिक मोलाचा. हा चित्रपट प्रतिनायकाला कथेचा कर्ता बनवतो. पडद्यावर सर्वाधिक वेळ थॅनोसच दिसतो. ध्येय त्याचे, प्रवास त्याचा, त्याग त्याचा आणि विजयही त्याचाच. बाकीचे केवळ आडवे येणारे. जॉश ब्रोलिन या अभिनेत्याने त्या जांभळ्या राक्षसाला थकवा दिला आहे. दमलेल्या आणि खालच्या आवाजात बोलणाऱ्या खलनायकाची भीती जास्त वाटते. चुटकी वाजते, विश्वातील अर्धे सजीव धूळ होऊन उडून जातात आणि संगीत जवळजवळ थांबते. ॲलन सिल्व्हेस्ट्री यांनी तिथे गप्प राहण्याचे शहाणपण दाखवले आहे. शेवटी थॅनोस एका झोपडीसमोर बसून समोरच्या सूर्याकडे पाहत समाधानाने हसतो. कोट्यवधींच्या गर्दीसाठी काढलेल्या चित्रपटाने सज्जनांच्या संपूर्ण पराभवावर पडदा टाकावा, याला धैर्य लागते.

तिसरा गुण सहसा नजरेतून निसटतो. व्हिजनच्या कपाळावरील रत्न नष्ट केले तर थॅनोसचा डाव उधळेल, पण व्हिजन मरेल. तो स्वतः मरायला तयार असतो. रॉजर्स नकार देतो : आम्ही जिवांचा सौदा करत नाही. हाच प्रसंग चित्रपटात रूपे बदलून येतो. गमोरावर शस्त्र चालवायला पीटर क्विल आधी कचरतो. बहीण नेब्युलाच्या यातना पाहून गमोरा रत्नाचा ठावठिकाणा सांगून टाकते. स्टार्कच्या जिवासाठी स्ट्रेंज आपल्याजवळचे रत्न देऊन टाकतो (त्यामागे त्याचा हिशोब होता, हे पुढल्या चित्रपटात कळते). सज्जन एकाही माणसाचा बळी देऊ शकत नाहीत आणि थॅनोस कोणाचाही देऊ शकतो. म्हणून तो जिंकतो. ही रचना विचारपूर्वक केलेली आहे, आणि थॅनोसला मिळालेले एकमेव उत्तर तिच्यातच आहे.

पण ते कृतीतले उत्तर आहे, आणि चित्रपट स्वतःच ते पुसट करतो. एका व्हिजनचा सौदा न करणारे रॉजर्सचे साथीदार त्याच व्हिजनसाठी वकांडाचे सैन्य रणांगणात उतरवतात. किती सैनिक पडले? त्यांची नावे काय होती? तो जिवांचा सौदा नव्हता का? अवघ्या दोन महिन्यांपूर्वी आलेल्या 'ब्लॅक पँथर'ने वकांडाला राजकारण, रीतिरिवाज आणि आपापसांतले मतभेद असलेला जिवंत देश म्हणून उभे केले होते. इथे त्याचे एक मोकळे मैदान झाले आहे. समोरून येणाऱ्या चेहराहीन, सहा हातापायांच्या श्वापदांना कापत राहणे एवढेच तिथे घडते. चित्रपटाचा हा सर्वांत खर्चिक आणि सर्वांत कंटाळवाणा भाग आहे. अर्ध्या विश्वाच्या मरणाचे दुःख करायला सांगणाऱ्या कथेने या मरणांकडे पाहूही नये, हे खटकते.

गमोराचे काय होते, ते याहून खटकते. आत्म्याचे रत्न हवे असेल तर प्रिय व्यक्तीचा बळी द्यावा लागेल, अशी व्होर्मिर ग्रहावरची अट असते. गमोरा हसते. तिला वाटते, या माणसाचे कोणावर प्रेमच नाही, तेव्हा रत्न मिळणे शक्य नाही. थॅनोस रडत रडत तिला कड्यावरून फेकून देतो आणि रत्न त्याच्या हाती येते. याचा अर्थ काय झाला? त्याने तिच्या गावातील अर्धी माणसे मारली, त्या लहान मुलीला उचलून नेले, तिला हत्यारासारखी वाढवले. तिच्याशी झुंजीत हरणाऱ्या नेब्युलाच्या शरीराचे भाग काढून तिथे यंत्रे बसवली. यालाच प्रेम म्हणायचे, असा दाखला खुद्द विश्वाचा नियम देतो. गमोराचा नकार खोटा ठरतो आणि थॅनोसचे अश्रू खरे ठरतात. घरोघरी 'तुझ्या भल्यासाठीच' म्हणून हात उगारणारे बाप आपण पाहिलेले आहेत. त्यांच्याही डोळ्यांत कधी कधी पाणी येते. त्या पाण्याला प्रमाण मानायचे की मुलीच्या शब्दाला, हा प्रश्न काल्पनिक नाही. चित्रपटाने पाण्याला प्रमाण मानले.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. जिम स्टारलिन यांनी १९७३ साली थॅनोस हे पात्र चित्रकथेत आणले. त्यांच्याच १९९१ सालच्या 'द इन्फिनिटी गाँटलेट' या चित्रमालिकेत तो अर्धे विश्व मारतो ते साक्षात मृत्युदेवतेला प्रसन्न करण्यासाठी. तो प्रेमवेडा आहे, आणि वेड्याशी वाद घालण्याची गरज नसते. चित्रपटाने हे वेड काढून त्या जागी युक्तिवाद ठेवला : साधने मर्यादित, खाणारी तोंडे अमर्याद, म्हणून गरीब-श्रीमंत असा भेद न करता निम्मी कमी करावी. हा माल्थसच्या १७९८ सालच्या प्रबंधाचा अवकाशयुगीन अवतार होय. या बदलाने पात्राला वजन आले, पण त्याबरोबर एक जबाबदारीही आली. खलनायकाच्या हाती तलवार द्यावी आणि नायकांच्याही हाती तलवार असावी, हे ठीक. खलनायकाच्या तोंडी तर्क दिला, तर समोर कोणाच्या तरी तोंडी तर्क हवा. अडीच तासांत थॅनोसला एकही पात्र नीट उत्तर देत नाही. वेडा म्हणतात, खुनी म्हणतात. गमोरा एकदा म्हणते की हे तुला ठाऊक आहे असे नाही. तो म्हणतो, मला ठाऊक आहे, आणि विषय संपतो. त्या दालनात स्टार्कसारखा शास्त्रज्ञ आहे, शुरीसारखी बुद्धिमान मुलगी आहे. पण हिशोब कोणीच मांडत नाही.

आम्ही मराठीचे अध्यापक असलो तरी हा हिशोब आम्हालाही जमतो. २०१८ साली जगाची लोकसंख्या सुमारे ७६० कोटी होती. तिचे निम्मे केले तर ३८० कोटी उरतात. जगात ३८० कोटी माणसे शेवटची केव्हा होती? १९७२ च्या सुमारास. म्हणजे थॅनोसच्या चुटकीने पृथ्वी कोणत्याही सुवर्णयुगात जात नाही. ती १९७२ मध्ये जाते.

मराठी माणसाला १९७२ कसे होते, हे सांगावे लागत नाही. आमच्या दोघांच्याही घरी 'बहात्तरचा दुष्काळ' हा कालगणनेचा एक टप्पा आहे. अमका बहात्तरच्या आधी जन्मला, तमकीचे लग्न बहात्तरनंतर झाले. आमच्यापैकी एकाच्या आजीने त्या वर्षी रस्त्याच्या कामावर खडी फोडली आणि मुलांना सुकडी खाऊ घातली. थॅनोसला हवी तेवढीच माणसे तेव्हा पृथ्वीवर होती. तरीही ती उपाशी होती. दोनच वर्षांनी, १९७४ मध्ये, बांगलादेशात भयंकर दुष्काळ पडला. पुढे १९८१ साली अमर्त्य सेन यांनी 'पॉव्हर्टी अँड फॅमिन्स' या ग्रंथात बंगालच्या आणि बांगलादेशाच्या दुष्काळांची उदाहरणे घेऊन दाखवून दिले की धान्य असूनही माणसे मरतात, कारण ते मिळवण्याचे साधन त्यांच्या हाती नसते. चुटकीने माणसे अर्धी होतील, पण कोणाच्या कोठारात किती आणि कोणाच्या ताटात किती, हे प्रमाण तसेच राहील. शिवाय थॅनोसची चुटकी केवळ माणसांवर पडत नाही, अर्धी सजीवसृष्टीच नाहीशी होते. मग खाणारे घटले तसे खाद्यही घटले. हा कसला तोल?

त्या दुष्काळातून महाराष्ट्र तरला तो तोंडे कमी करून नव्हे. १९७३ च्या मे महिन्यात सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. हाल अतोनात झाले, पण हाताला काम आणि कामाला मजुरी मिळाल्याने चुली पेटत राहिल्या. त्यातूनच रोजगार हमीचा १९७७ सालचा कायदा झाला आणि २००५ सालच्या राष्ट्रीय कायद्याला त्याचा आधार मिळाला. मात्र त्याच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७६ साली, आणीबाणीत, तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही संमत केले होते. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झाले नाही. पण १९७६-७७ या एका वर्षात देशभर ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यांत सक्ती किती होती हे सर्वश्रुत आहे. एकाच दशकात एकाच राज्याने दोन्ही उत्तरे लिहून पाहिली : एक माणसाला काम देण्याचे, दुसरे माणूसच कमी करण्याचे. दुसरे उत्तर थॅनोसचे होते. आणि ती सक्ती आंधळ्या न्यायाने समान वाटली गेली नव्हती. ती आधी गरिबांच्या वस्तीत पोहोचली. चुटकी वाजवणारा हात नेहमी कोणाचा तरी असतो, हे चित्रपट सांगत नाही.

एवढ्याने थॅनोसचा हिशोब चुकतो. आणखी एक गोष्ट आहे. जगाच्या लोकसंख्यावाढीचा दर १९६० च्या दशकाच्या अखेरीस शिगेला पोहोचला आणि २०१८ पर्यंत जवळजवळ निम्म्यावर आला. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील दर स्त्रीमागे अपत्यांचे प्रमाण २.० पर्यंत उतरल्याचे आढळले. मुली शिकल्या, बाळे जगू लागली, साधने हाती आली, तसे घर लहान झाले. निम्मे करण्याचे काम चुटकीविना चालू होते. ते बहुतांशी बायकांनी केले, आणि कोणालाही धूळ न करता केले.

आता कोणी म्हणेल, चित्रपट अर्धाच होता, उत्तर पुढील भागात आले. २०१९ सालचा 'एंडगेम' आम्ही त्या आशेनेच पाहिला. चुटकीनंतरची पाच वर्षे त्यात आहेत, म्हणजे युक्तिवाद तपासण्याची याहून चांगली संधी नाही. त्या काळात जग कसे चालले याविषयी आपल्या कानी एक लक्षात राहणारी गोष्ट पडते : रॉजर्सला नदीत देवमासे दिसले, कारण जहाजे कमी आणि पाणी स्वच्छ. म्हणजे साक्षीदार एक, आणि तोही थॅनोसच्या बाजूचा. शेवटच्या युद्धात तर विचारी थॅनोस उरतच नाही. त्याची जागा भूतकाळातून आलेला थॅनोस घेतो आणि सगळे विश्वच नष्ट करून नवे, कृतज्ञ विश्व घडवण्याची भाषा करतो. त्याला हरवणे सोपे आहे. पण हरला तो दुसराच. पहिल्याला उत्तर मिळालेच नाही. २०२१ च्या 'हॉकआय' या मालिकेत एका भिंतीवर 'थॅनोसचे बरोबर होते' असे कोणीतरी खरडून ठेवलेले दिसते. निर्मात्यांनाही हे ऐकू आलेले आहे, त्यांनी त्याचा विनोद केला.

मेलेले परत आणण्याचा प्रश्नही याच्याशीच जोडलेला आहे. महाभारताच्या आश्रमवासिक पर्वात व्यास युद्धात पडलेल्या वीरांना गंगेच्या पाण्यातून वर बोलावतात. धृतराष्ट्र, गांधारी, कुंती सगळ्यांना भेटतात. पण केवळ एका रात्रीपुरते. नंतर ते सारे परत जातात. त्या एका रात्रीमुळे युद्धाची किंमत अधिकच जड होते. 'इन्फिनिटी वॉर'मध्ये पीटर पार्कर स्टार्कच्या मिठीत विरून जातो तेव्हा आमच्याही घशात आवंढा आला, हे कबूल करतो. पण त्याच वेळी आसपासची मुले कुजबुजत होती की पुढच्या वर्षी याचा चित्रपट यायचाच आहे. 'एंडगेम'ने स्टार्क आणि नताशा यांचे मरण पक्के ठेवले आणि गेलेली पाच वर्षे पुसली नाहीत, एवढे श्रेय त्याला द्यायला हवे. तरी विरलेले सगळे परत आले. आणि मरण परत फिरवता येते असे एकदा ठरले, की मारणाऱ्याचा तर्कही हलका वाटू लागतो. मग वर्गात निम्मे हात सहज वर जातात.

आम्ही त्या विद्यार्थ्याला पूर्ण गुण दिले. लक्षणे त्याने बरोबर लावली होती, आणि व्याख्येत न बसणारे उदाहरण शोधण्यापेक्षा व्याख्येत नको इतके नेमके बसणारे उदाहरण शोधणे अवघड असते. समासात मात्र दोन ओळी लिहिल्या. एक अशी, की दृढव्रत असणे हा गुण व्रत कशाचे आहे यावरून ठरतो. दुसऱ्या ओळीत त्याला एक काम सांगितले : घरी आजी-आजोबा असतील तर त्यांना विचारून ये, १९७२ साली जगात आजच्या निम्मी माणसे होती, तेव्हा तुमचे पोट भरत होते का?

तो विचारून आला. काय सांगितले ते त्याने वर्गात उभे राहून सांगितले. त्या दिवशी आम्ही पुन्हा हात वर करायला लावले नाहीत.